आपली नसलेली भूमिका: घ्यावी की सोडावी, आणि घेतलीच तर कशी करावी

नाटकाचा सातवा प्रयोग संपला होता. विंगेत आवराआवर चालू असताना एक बाई दुभाषाला बरोबर घेऊन आत आल्या. त्या कर्णबधिर होत्या, आणि आमच्या नाटकातली नायिकाही कर्णबधिर होती. ती भूमिका करणारी मुलगी मात्र ऐकू येणारी. माझ्याकडेच तयार झालेली, चार महिने खुणांची भाषा शिकलेली. बाईंनी आधी तिचा हात हातात घेतला. मग माझ्याकडे वळून त्यांनी दोन-तीन खुणा केल्या. दुभाषाने सांगितलं, "हात बोलतात हिचे. चेहरा गप्प आहे."

मला कळलं नाही. त्यांनी मला बसवून समजावलं. बऱ्याच सांकेतिक भाषांमध्ये चेहरा हा व्याकरणाचा भाग असतो. ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असेल असा प्रश्न विचारताना भुवया वर जातात. हातांची खूण तीच राहिली आणि भुवया हलल्या नाहीत, तर त्या वाक्याचा प्रश्न होत नाही, ते साधं विधान राहतं. आमच्या मुलीने हातांची प्रत्येक खूण बिनचूक पाठ केली होती. भुवया मात्र ती राग, आश्चर्य दाखवायला वापरत होती, जशा आपण ऐकू येणारी माणसं वापरतो. म्हणजे दोन तास ती प्रश्न विचारत होती आणि ज्यांची ती भाषा, त्यांच्यापर्यंत एकही प्रश्न पोचत नव्हता. बाकीच्या प्रेक्षागृहाने टाळ्या वाजवल्या होत्या. मीही विंगेतून वाजवल्या होत्या.

त्या रात्री मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की चार महिन्यांच्या तालमीत हे सांगू शकेल असं एकही माणूस आमच्या खोलीत नव्हतं. शिकवायला ठेवलेली बाईसुद्धा ऐकू येणारीच होती.

मी नाटक बसवते आणि नव्या मुलांना अभिनय शिकवते. "ताई, मग फक्त आपल्यासारखीच पात्रं करायची का?" हा प्रश्न दर शिबिरात येतो. माझं उत्तर 'नाही' असं आहे. पण 'नट आहे, काहीही करेल' हेही मला मान्य नाही. ज्यांच्या हातात आज एखादी संहिता आहे आणि मनात धाकधूक आहे, त्यांच्यासाठी मी माझी पद्धत इथे मांडते.

पेन्सिल घेऊन वाचा

पहिलं वाचन झालं की पात्राची ती ओळख मनातल्या मनात काढून टाका. लिंग, वंश, जात, अपंगत्व, लैंगिकता, जी असेल ती. मग कोणते संवाद आणि कोणते प्रसंग कोसळतात ते बघा आणि त्यांच्याखाली रेघ मारा. दोन-चार ओळींपलीकडे काही कोसळत नसेल, तर ती भूमिका कुणालाही द्या. अर्धं नाटक कोसळत असेल, तर तुम्हाला शोधायला बाहेर पडावं लागणार आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

तिसराही एक प्रकार असतो. ओळख काढली तरी गोष्ट उभी राहते, फक्त हशे जातात. माझ्याकडे अशी एक संहिता आली होती. त्यात अडखळत बोलणारा एक कारकून होता. तो अडखळतो अशा पंधरा जागा मी मोजल्या, त्यातल्या अकरा केवळ प्रेक्षकांना हसवण्यासाठी. अशा वेळी नट कोण घ्यायचा हा प्रश्नच नंतरचा. आधी लेखकाशी बोला. आमचा लेखक समंजस होता, म्हणाला, "चल, अडखळणाऱ्या माणसांनाच विचारू."

विचारल्यावर जे कळलं त्याने ते पात्रच बदललं. अडखळणारी पुष्कळ माणसं अडचणीचा शब्द येतोय हे आधीच ओळखतात आणि दुसरा शब्द वापरून निसटतात. त्यामुळे ती कधी कधी फार वळणाची वाक्यं बोलतात. गाताना किंवा चारजणांबरोबर एका सुरात म्हणताना बहुतेकांचं अडखळणं थांबतं. आणि अनेकांना स्वतःचं नाव सांगणं सगळ्यात कठीण जातं, कारण नावाला पर्यायी शब्द नसतो. आमच्या नव्या संहितेत अकरा हशे गेले आणि त्यांच्या जागी एक प्रसंग आला: कारकुनाला खिडकीपाशी उभं राहून आपलं नाव सांगायचं आहे, मागे रांग आहे.

ती भूमिका आम्ही स्वतः अडखळणाऱ्या एका तरुणाला दिली. पहिल्या आठवड्यात पेच पडला. पाठ केलेले संवाद बोलताना तो अडखळायचाच नाही! भूमिकेत शिरल्यावर वाणी मोकळी होणं हा अनुभव बऱ्याच अडखळणाऱ्या नटांना येतो. म्हणजे त्याला स्वतःच्या रोजच्या गोष्टीचा अभिनय करावा लागला, अगदी पहिल्यापासून. फरक एवढाच की ती गोष्ट शरीरात कुठे राहते हे त्याला ठाऊक होतं. शब्दाच्या आधी श्वास कुठे अडकतो, जबडा कसा आवळतो, समोरचा माणूस मदतीला म्हणून शब्द पुरवतो तेव्हा डोळे कुठे वळतात. मी दुसऱ्या एखाद्या नटाला "अ-अ-अडखळ" असं अक्षर तोडायला शिकवलं असतं. त्याने अक्षर क्वचितच तोडलं. तो थांबायचा. खिडकीपाशी तो इतका वेळ थांबायचा की प्रेक्षागृहात कुणी खोकतसुद्धा नसे.

'त्या अनुभवाचीच माणसं घ्या म्हणजे अभिनयाची गरज उरत नाही' असं जे म्हणतात त्यांना मी हा मुलगा दाखवते. आणि 'अभिनय येत असेल तर माणूस कुणीही चालेल' असं म्हणणाऱ्यांनाही मी तोच दाखवते.

'खुनी करायला खून करावा लागतो का?'

हा सवाल तुम्हाला कुणीतरी करणारच, म्हणून उत्तर तयार ठेवा. नाही, करावा लागत नाही. पण खुनी लोकांना खुनी आहेत म्हणून कुणी रंगमंचाच्या दारातून परत पाठवलेलं नाही. काही माणसांना त्यांच्या ओळखीपायी परत पाठवलं गेलं, आणि मग त्यांचीच सोंगं दुसऱ्यांनी आत वठवली. घाव तिथे आहे.

१९३७ चा 'द गुड अर्थ' हा अमेरिकन सिनेमा चिनी शेतकऱ्यांच्या जगण्यावर होता. त्या वेळी हॉलिवूडमध्ये अ‍ॅना मे वाँग ही चिनी वंशाची नामांकित नटी होती. नायकाची भूमिका पॉल म्युनी या गोऱ्या नटाला दिली गेली, आणि वेगवेगळ्या वंशांच्या स्त्री-पुरुषांचं प्रेम पडद्यावर दाखवायला तेव्हाच्या आचारसंहितेत बंदी होती. त्यामुळे चिनी पत्नीच्या भूमिकेसाठी चिनी वंशाची नटीच चालेना. ती भूमिका युरोपातून आलेल्या लुईस रायनर यांना मिळाली आणि त्यासाठी त्यांना ऑस्करही मिळालं. रायनर यांचा अभिनय वाईट होता असं मी म्हणत नाही. वाँग यांना ती भूमिका करून दाखवण्याची संधीच नव्हती, हे मला खुपतं.

मराठी माणसाशी हा विषय काढला की पुढचा प्रश्न ठरलेला: मग बालगंधर्वांचं काय? त्यांच्या गाण्यापुढे आणि त्यांच्या स्त्रीभूमिकांपुढे मी मान तुकवते. पण तो काळ स्त्रियांना रंगभूमी जवळपास बंद असण्याचा होता. इंग्लंडमध्येही १६६० पर्यंत व्यावसायिक रंगमंचावर स्त्रीभूमिका मुलगेच करत. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' सिनेमात तारामती साकारली ती अण्णा साळुंके या पुरुष नटाने, कारण फाळक्यांना ती भूमिका करायला स्त्री मिळेना. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. दार उघडल्यावर पुरुषाने स्त्री साकारणं ही कलेची निवड झाली. त्याआधी ती सक्ती होती. आज एखाद्या पुरुषाने स्त्रीभूमिका केली तर मला आनंदच होईल, कारण त्यामुळे कुणा नटीची वाट अडत नाही.

या प्रश्नाला एकच एक माप का लागू होत नाही हे बघायचं असेल, तर लिंडा हंट यांचं उदाहरण घ्या. 'द इयर ऑफ लिव्हिंग डेंजरसली' या १९८२ च्या सिनेमात त्यांनी बिली क्वान हा पुरुष साकारला आणि १९८४ मध्ये ऑस्कर घेतलं. स्त्रीने पुरुष साकारला, हे आजही कौतुकाने सांगितलं जातं. पण बिली हा अर्धा चिनी आहे आणि हंट गोऱ्या आहेत. एकाच भूमिकेत त्यांनी दोन सीमा ओलांडल्या. पहिलीबद्दल मला काही म्हणायचं नाही, दुसरी मला टोचते. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, "चालतं की नाही" असं घाऊक विचारू नका. ही सीमा, या काळात, कुणाची वाट अडवते ते विचारा.

आणि वाट उलट दिशेनेही खुली हवी. आयरा आल्ड्रिज हे एकोणिसाव्या शतकातले कृष्णवर्णीय अमेरिकन नट. मायदेशात त्यांना वाव मिळाला नाही म्हणून ते इंग्लंडला गेले आणि युरोपभर गाजले. त्यांनी शेक्सपिअरचा कृष्णवर्णीय नायक ऑथेल्लो केलाच, शिवाय गोरा रंग लावून लिअर आणि मॅकबेथही केले. ओळखीच्या चौकटीत नटाला कोंडायचं ठरवलं असतं, तर त्यांच्या वाट्याला लिअर आलाच नसता. दुबळ्याने बलवानाची भूमिका घेणं आणि बलवानाने दुबळ्याची भूमिका घेणं या दोन गोष्टी मी एका तागडीत तोलत नाही.

'कुणी मिळत नाही' म्हणण्याआधी

हे वाक्य मी स्वतः पहिल्या नाटकाच्या वेळी म्हटलं होतं, आणि शोधलं होतं फक्त आपल्या ओळखीतल्या चाळीस नटांमध्ये. ते शोधणं नव्हे. निवड चाचणीची सूचना जिथे नट बघतात तिथे तर लावाच, पण त्या समाजाच्या संस्थांकडे, शाळांच्या माजी विद्यार्थ्यांकडे, त्यांच्या हौशी गटांकडेही पाठवा. सूचनेत स्पष्ट लिहा: अनुभव नसला तरी चालेल, दुभाषी मिळेल, पायऱ्या नाहीत, उतारा आठवडाभर आधी पाठवू. अंध उमेदवाराला ऐनवेळी छापील कागद हातात देऊन वाचायला सांगितलं, तर तुम्ही त्याचा अभिनय तपासलाच नाही.

शोधायला वेळ द्या. अनुभव नसलेल्या माणसासाठी तालमी जास्त लागतील, हेही वेळापत्रकात आधीच धरा. पहिल्याच दिवशी मुरलेल्या नटाशी तुलना करून "हिला जमत नाही" म्हणणं अन्यायाचं आहे. त्या मुरलेल्या नटाला मुरायला दहा नाटकं मिळालेली असतात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. जी ओळख डोळ्यांना दिसत नाही, ती चाचणीत विचारू नका. लैंगिकता तर मुळीच नाही. किट कॉनर हा तरुण नट एका मालिकेत मुलगे आणि मुली दोघांचंही आकर्षण वाटणाऱ्या मुलाची भूमिका करत होता. 'हा स्वतः तसा आहे का' यावरून लोकांनी त्याच्यामागे इतका तगादा लावला, की २०२२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याला स्वतःबद्दल जाहीरपणे सांगावं लागलं. आपल्यावर ही जबरदस्ती झाली, हेही त्याने लिहिलं. ज्यांच्या सन्मानासाठी हा सगळा आग्रह, त्यांच्यापैकीच एका मुलाला असं उघडं पाडलं गेलं. माझ्या सूचनेत मी फक्त एवढं लिहिते: या अनुभवातून गेलेल्यांनी आवर्जून यावं. कोण कशामुळे आलं हे मी विचारत नाही.

तरीही भूमिका तुमच्याकडेच आली तर

कधी कधी येते. छोटा गट असतो, कुणी खरोखर मिळत नाही, किंवा पात्राच्या चार ओळखींपैकी तीन तुमच्या असतात आणि एक नसते. तेव्हा पुढचं करा.

कातडीला रंग लावून वंश बदलू नका. यावर मी चर्चा करत नाही. अमेरिकेत १८३० च्या दशकात टॉमस राइस नावाचा गोरा नट तोंडाला काळं फासून 'जिम क्रो' नावाच्या पात्राची नक्कल करायचा. ती इतकी चालली, की पुढे कृष्णवर्णीयांना वेगळं पाडणाऱ्या कायद्यांना त्याच पात्राचं नाव पडलं. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्यासारख्या थोर गोऱ्या नटाने १९६५ च्या सिनेमात काळा रंग लावून केलेला ऑथेल्लो आज बघताना माझी नजर त्या रंगावरच अडकते. आवाजावर त्यांनी घेतलेली मेहनत दिसतच नाही.

ट्रान्स स्त्रीची, म्हणजे जन्मतः मुलगा ठरवल्या गेलेल्या स्त्रीची, भूमिका पुरुष असताना तुमच्याकडे आली, तर माझा सल्ला सोडण्याचा आहे. एडी रेडमेन यांनी २०१५ च्या 'द डॅनिश गर्ल'मध्ये अशी भूमिका केली, ऑस्करचं नामांकन मिळवलं आणि २०२१ मध्ये सांगितलं की आज आपण ती घेणार नाही, ती चूक होती. कारण साधं आहे. पडद्यावर साडी-झग्यात दिसलेला नट दुसऱ्या दिवशी कोट घालून, दाढी राखून मुलाखत देतो, तेव्हा बघणाऱ्याच्या मनात 'आतून तो पुरुषच' हे पक्कं होतं. त्या बायकांना रस्त्यावर नेमकं हेच ऐकवलं जातं. चिलीच्या डॅनिएला वेगा या ट्रान्स नटीने 'अ फँटॅस्टिक वुमन' हा २०१७ चा सिनेमा पेलला आणि त्याला परभाषी सिनेमाचं ऑस्कर मिळालं. नट्या आहेत.

अपंगत्वाची भूमिका करणार असाल, तर वस्तूंपासून सुरुवात करा. भावना नंतर येतील. पांढरी काठी घेऊन चालताना डावा पाय पुढे पडतो तेव्हा काठीचं टोक उजवीकडे असतं, कारण पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा काठी आधी तपासते. नवखे नट पाय आणि काठी एकाच बाजूला नेतात, आणि जाणत्याला पहिल्या तीन पावलांत कळतं. अंध माणूस बोलणाऱ्याच्या आवाजाकडे तोंड वळवतो. भिंतीवर शून्यात नजर लावून बसणं हे आपण सिनेमातून उचललेलं आहे. कमरेखाली संवेदना नसलेला माणूस चाकाच्या खुर्चीत तासन् तास निश्चल बसत नाही. त्वचेवर दाबाच्या जखमा होऊ नयेत म्हणून तो अधूनमधून हातांवर जोर देऊन शरीर उचलतो, किंवा वजन एका बाजूला टाकतो. हे तुमच्या पात्राने गंभीर संवादाच्या मधोमध केलं, तर तो संवाद खरा वाटेल.

हे सगळं सांगणारं माणूस तालमीत हवं, पहिल्या वाचनापासून. रंगीत तालमीला बोलावून "कसं वाटलं?" विचारण्यात अर्थ नाही, तोवर कपडे शिवून झालेले असतात आणि कुणालाच काही बदलायचं नसतं. त्यांना मानधन द्या, श्रेयनामावलीत नाव द्या, आणि तालीम थांबवण्याचा अधिकार द्या. मी पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगते, "यांनी हात वर केला की आपण थांबायचं, मी बोलत असले तरी." एक माणूस म्हणजे अख्खा समाज नव्हे, म्हणून जमलं तर दोघांना बोलवा. दोघांचं एकमेकांशी पटलं नाही तर कान देऊन ऐका. चांगली पात्रं मला त्या वादांतूनच सापडली आहेत.

तेच नाटक, दुसऱ्यांदा

काही वर्षांनी आम्ही तेच नाटक पुन्हा उभं केलं. या वेळी नायिकेसाठी मी पाच महिने शोधलं आणि एक कर्णबधिर मुलगी मिळाली. धीट, तल्लख, रंगमंचावर कधीही न आलेली. विंगेत आलेल्या त्या बाई पहिल्या वाचनाला माझ्या शेजारी बसल्या होत्या.

तांत्रिक गोष्टी आम्हाला नव्याने शिकाव्या लागल्या, त्या इथे देते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. ऐकून घ्यायचे सगळे इशारे डोळ्यांनी किंवा स्पर्शाने घ्यायचे केले. तिच्या प्रवेशासाठी विंगेत एक छोटा दिवा लावला. पाठमोरी असताना तिला वेळ कळावी म्हणून सहनट ठरलेल्या जागी लाकडी फळीवर पाय आपटायचा, तो कंप तिला तळव्यात लागायचा. काळोखात दृश्यबदल करणं आम्ही सोडलं, कारण काळोखात तिचं बोलणंच बंद पडतं. मंद निळा उजेड ठेवला. प्रकाशयोजना करणाऱ्याला नायिकेच्या चेहऱ्याइतकाच हातांवर उजेड पाडायला लावलं. मी सूचना देताना दुभाषाकडे बघून बोलत असे, ती सवय मोडायला मला आठवडा लागला. तिच्याकडे बघून बोलायचं असतं.

'कोडा' या सिनेमाबाबत जे घडलं ते मला तेव्हा नीट समजलं. २०१४ च्या फ्रेंच सिनेमात कर्णबधिर आई-वडिलांच्या भूमिका ऐकू येणाऱ्या नटांनी केल्या होत्या. त्याच कथेवरच्या २०२१ च्या 'कोडा' या अमेरिकन सिनेमात त्या मार्ली मॅटलिन आणि ट्रॉय कोट्सर या कर्णबधिर नटांना मिळाल्या, आणि २०२२ मध्ये कोट्सर यांना सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. मॅटलिन यांना त्याआधी १९८७ मध्येच मिळालं होतं. मधल्या पस्तीस वर्षांत अभिनयासाठी ऑस्कर मिळालेलं दुसरं कर्णबधिर माणूस नाही.

आमच्या मुलीने प्रश्न विचारला की भुवया वर जायच्या, आणि ज्यांना खुणा कळत नाहीत त्या प्रेक्षकांनाही तो प्रश्न आहे हे समजायचं. आधीची नायिका त्या प्रयोगांना पहिल्या रांगेत यायची. तिने त्यानंतर खुणांची भाषा सोडली नाही, आता ती आमच्या तालमींत दुभाषाचं काम करते.

शेवटच्या प्रयोगानंतर या मुलीने मला एक चिठ्ठी दिली: "पुढच्या नाटकात मला अशी भूमिका द्या, जिच्यात ऐकू न येण्याचा विषयच नाही." पुढचं नाटक निवडून झालं आहे. तिला वकिलाची भूमिका दिली आहे. पात्र बहिरं असल्याचा संहितेत कुठे उल्लेख नाही आणि आम्ही तो घालणार नाही. दुसऱ्या अंकात तिचा एक लांबलचक फोन आहे. तो व्हिडिओ कॉल करायचा, की अशिलालाच तिच्यासमोर आणून बसवायचं, यावर लेखक आणि ती यांच्यात सध्या जोरदार वाद चालू आहे.